पंगतीतला मफीबोशेथ

'कृपा' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्याचा अर्थ विचारण्याची वेळ सहसा येत नाही. देवाच्या कृपेने पीक बरे येते, साहेबांच्या कृपेने बदली टळते आणि 'कृपया' तर प्रत्येक कचेरीच्या भिंतीवर असते. ख्रिस्ती धर्मविचारात हाच शब्द ग्रीक 'खारिस'साठी येतो, आणि तिथे त्याचा अर्थ बराच अडचणीचा आहे: ज्याच्यावर आपला काडीचाही हक्क नाही ते मिळणे. पैनगंगेच्या पलीकडे, आदिलाबादला लागून असलेल्या मावल्यासारख्या गावी मराठी आणि तेलुगू शेजारी नांदतात. दोन्ही भाषांतल्या बायबलांत शब्द एकच, मराठीत कृपा आणि तेलुगूत कृप. अडचणही एकच. रोजच्या बोलण्यातली कृपा मेहरबानीच्या जवळची असते. ती कुणीतरी कुठेतरी मांडून ठेवतो आणि पुढेमागे तिची फेड करावी लागते.

कृपेचा सिद्धांत पौलाच्या पत्रांत सापडतो, पण तिचा चेहरा दिसतो तो कडेच्या माणसांत. अब्राहाम, मोशे, दावीद यांच्या गोष्टी रविवारच्या शाळेतल्या मुलांना तोंडपाठ असतात. हागार मात्र साराच्या कथेतली दासी म्हणूनच लक्षात राहते. गरोदरपणी मालकिणीच्या जाचाला कंटाळून ती रानात पळाली. तिथल्या झऱ्यापाशी जो तिला भेटला त्याला तिने 'पाहणारा देव' असे नाव दिले. देवाला स्वतःहून नाव देणारे बायबलातले हे पहिले माणूस, आणि ते मिसर देशातली एक दासी. तिला लगेच सुटका मिळाली नाही, उलट परत जायला सांगितले गेले. हे आजच्या वाचकाला खटकते, आणि खटकायलाच हवे.

मफीबोशेथाची गोष्ट याहून कमी वाचली जाते. दुसऱ्या शमुवेलाच्या चौथ्या अध्यायात त्याच्या वाट्याला एकच वचन आले आहे. शौल राजा आणि त्याचा मुलगा योनाथान लढाईत पडल्याची बातमी आली तेव्हा दाई पाच वर्षांच्या नातवाला उचलून पळाली. घाईत तो पडला आणि दोन्ही पायांनी अधू झाला. गादी दावीदाकडे गेली. नवा राजा जुन्या घराण्याचे वंशज शोधू लागला की त्याचा हेतू काय असतो, हे त्या काळी कुणाला सांगावे लागत नसे. मफीबोशेथ यार्देनेपलीकडे लो-दबारला दुसऱ्याच्या घरी राहत होता. त्याला बोलावणे आले तेव्हा त्याने स्वतःला 'मेलेले कुत्रे' म्हटले. दावीदाने मात्र, योनाथानाशी असलेल्या मैत्रीखातर, आजोबांची सगळी जमीन त्याच्या नावे केली आणि त्याला कायमचे आपल्या पंगतीला बसवले. ज्याच्यामुळे हे मिळाले तो योनाथान केव्हाच मेला होता आणि ज्याला मिळाले त्याने काहीच केले नव्हते. पुढे सीबा नावाच्या चाकराने चहाडी केली. दावीदाने चौकशी न करता ती जमीन चाकराला दिली आणि नंतर अर्धी परत केली. देणाऱ्या राजाचा हातही असा चुकतो. मफीबोशेथाने उत्तर दिले की राजा बंडातून सुखरूप परतला, आता सगळीच जमीन सीबाला गेली तरी चालेल.

या कथेत एक गोष्ट चटकन नजरेतून निसटते. राजाच्या पंगतीत बसल्याने त्याचे पाय बरे झाले नाहीत.

मराठीत कृपेच्या या अडचणीशी सर्वांत जवळून झुंजल्या त्या पंडिता रमाबाई. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंचे आई-वडील आणि थोरली बहीण दुष्काळात उपासमारीने गेली. १८८२ मध्ये वैधव्य आले. इंग्लंडला गेल्यावर वाँटेजच्या ख्रिस्ती धर्मभगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे नेले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी तिथे एक आश्रयगृह चालत असे. या स्त्रियांविषयी ख्रिस्ती माणसांना कळवळा का वाटतो, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली.

योहानाच्या चौथ्या अध्यायातली ही बाई भर दुपारी विहिरीवर येते. तिचे पाच नवरे होऊन गेले आहेत आणि तिचे नाव कुणी नोंदवलेले नाही. यहुदी माणूस शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नसे. येशू तिला उपदेश करत नाही, आधी पाणी मागतो. जोतीराव फुल्यांनी आपला हौद अस्पृश्यांना खुला केला आणि १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले गेले, त्या महाराष्ट्रात या मागण्याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. देणारा आधी मागणारा होतो, म्हणून घेणाऱ्याची मान खाली जात नाही. मेहरबानीत नेमके हेच होत नाही.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये झाला. तरी पुढे त्यांनी लिहिले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी काही वर्षे गेली. इतक्या प्रामाणिक कबुल्या आपल्याकडच्या आत्मचरित्रांत विरळाच. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या आणि पुण्याजवळ केडगावला 'मुक्ती' ही संस्था उभी राहिली. टाकलेल्या स्त्रियांसाठीच्या घराचे नाव त्यांनी 'कृपा सदन' ठेवले. अंध स्त्रियांच्या घराला 'बार्तीमी सदन' म्हटले, ते यरीहोच्या वाटेवर ओरडणाऱ्या आंधळ्या भिकाऱ्यावरून. बार्तीमय म्हणजे तीमयाचा मुलगा. त्याचे स्वतःचे नाव मार्काच्या शुभवर्तमानातही नाही, गर्दीने त्याला गप्प बसायला सांगितले एवढे मात्र आहे.

बार्तीमयाला दृष्टी आली. त्याच्या नावाच्या घरातल्या स्त्रियांना ती आली नाही. त्यांना वाचायला शिकवले गेले, हाताला काम आणि जेवायला पंगतीत जागा मिळाली. घराला नाव बार्तीमयाचे असले तरी तिथली रीत मफीबोशेथाची होती.

आयुष्याची शेवटची वर्षे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलाचे साध्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. कमी शिकलेल्या बाईलाही ते कळावे हा हेतू होता, आणि छपाईचे काम मुक्तीतल्या स्त्रियाच करत. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या शमुवेलाचा नववा अध्याय संपतो तो मफीबोशेथ रोज राजाच्या पंगतीत जेवत असे, आणि तो दोन्ही पायांनी लंगडा होता, एवढे सांगून.