रामेन, रस्सा आणि एक भुरका

तर झालं असं, की बाणेरला रामेनचं एक नवीन हॉटेल सुरू झालं आणि आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाने तिथल्या बाऊलचे फोटो दाखवून माझं डोकं उठवलं. खाण्याबद्दल लिहून पोट भरणारी मी, आणि अजून गेलेच नाही म्हणजे काय! शनिवार पक्का केला. शुक्रवारी रात्री फोन आला. आई अमळनेरहून ट्रॅव्हल्समध्ये बसली होती. ‘‘सकाळी पोचते. कुरडया आणतेय.’’

खरं सांगू? पहिला विचार प्लॅन कॅन्सल करण्याचाच आला. आईला तिथे न्यायचं नव्हतं मला.

अमळनेर म्हटलं की तुम्हाला साने गुरुजी आठवतील. आयटीवाल्यांनो, तुमच्या विप्रोची सुरुवातही १९४५ मध्ये तिथलीच, वनस्पती तुपापासून! मला मात्र आठवते ती शेवभाजी. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर लालभडक तर्री आणि ऐन जेवताना टाकलेली जाड तिखट शेव. आधी टाकली की लगदा झालाच समजा. पुण्यात आल्यावर पहिल्याच वर्षी रूममेट डब्याच्या वासाने नाक मुरडायला लागली आणि मी डब्यात सँडविच न्यायला लागले. नंतर थाई, लेबनीज, मेक्सिकन, सगळ्यावर लिहिलं. शेवभाजीवर एक ओळ नाही.

असो. शेवटी गेलोच आम्ही. आई माळकरी, त्यामुळे वेटरची उलटतपासणी करावी लागली. रामेनच्या रश्शात ‘दाशी’ नावाचं जे पाणी असतं ते बऱ्याचदा सुकवलेल्या माशाचं असतं, हे लक्षात ठेवा मंडळी. नुसतं व्हेज म्हणून भागत नाही. इथे समुद्री शेवाळ आणि मशरूमचा रस्सा होता. दोन व्हेज मिसो मागवले, तिचा अंड्याशिवाय. बाऊल आला. एकाची किंमत आईने मेनूवर आधीच वाचली होती आणि त्यात किती किलो गहू येतात तेही सांगून झालं होतं.

पहिला घास घेऊन ती थांबली. ‘‘यामा पापडखार टाकेल शे.’’

मी हसले. म्हटलं, आई, हे जपानी आहे, पापड नाही. पण वेटरला विचारलं तर तो आत जाऊन आला आणि म्हणाला, नूडल्सच्या पिठात ‘कान्सुई’ असतं. म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट, खारच! त्यानेच त्या पिवळसर होतात आणि दाताला तशा चिवट लागतात. आयुष्यभर उडदाचे पापड लाटलेल्या बाईने एका घासात ओळखलं. माझ्यासारखी प्रोफेशनल खवय्यी नेटवर ‘स्प्रिंगी टेक्स्चर’ वगैरे वाचून आली होती.

मग मी तिला माझं ज्ञान पाजळलं. रामेन मूळचं चीनचं, १९१० मध्ये टोकियोत त्याचं गाजलेलं दुकान निघालं, १९५८ मध्ये मोमोफुकू आंदोने ते पाकिटात भरलं, आणि त्याच कल्पनेवर आपली १९८३ची मॅगी. आई मान डोलवत होती. आणि चमच्याने नूडल्स तोडून, तोंड मिटून, एकेक तुकडा खात होती. माझा बाऊल संपत आला तरी तिचा अर्धा. नूडल्स रश्शात फुगून गेल्या होत्या.

‘‘आवडलं नाही का?’’

‘‘आवडलं ना.’’

‘‘मग गरम आहे तोवर खा की. शेवेसारखंच आहे हे, भिजलं की गेलं.’’

‘‘हळूच खाते. आवाज होतो.’’

मला एकदम आठवलं. पाच वर्षांपूर्वी माझे तेव्हाचे बॉस आम्हा दोघींना जेवायला घेऊन गेले होते. आईने वाटी तोंडाला लावून रश्शाचा मस्त भुरका मारला आणि मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. ‘आई, आवाज नको.’ तिने वाटी खाली ठेवली. विषय संपला, असं मला वाटलं होतं.

शेजारच्या टेबलावर कंपनीची आयकार्डं गळ्यात अडकवलेली चार मुलं सुर्र सुर्र करत नूडल्स ओढत होती. रामेन असंच खातात, आवाज करत. त्याने घास जरा गार होतो, वास नाकात भरतो. हे मी आईला सांगितलं. आईने त्या मुलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘‘आते चालस का भुरका?’’

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होती, चालतो का म्हणून. मला उत्तरच सुचेना. बाऊल दोन्ही हातांनी उचलला आणि तळाशी उरलेल्या रश्शाचा एक मोठा भुरका मारला. आयकार्डवाल्यांपैकी एकाने वळून पाहिलं.

‘‘हा वरणाचा झाला,’’ आई म्हणाली. ‘‘रश्शाचा असा नसतो.’’

आणि तिने आपला बाऊल उचलला.