रोवणीच्या मजुरीचा हिशेब

भंडारा-तुमसर रस्त्यावर मोहाडीच्या आसपास मोटारसायकलला ट्रकची धडक बसते, घरातला कमावता माणूस जातो आणि तेरवी आटोपल्यावर घरचे वकिलाकडे येतात. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि ट्रकची विमा पॉलिसी पोलिसांकडून मिळवता येते. ट्रकचालकाची हयगय दाखवायला फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. शक्यतेचं पारडं कुठे झुकतं, एवढंच मोटार अपघात दावा न्यायाधिकरण पाहतं. वकिलाचा कस लागतो तो पुढच्या प्रश्नाला. गेलेला माणूस महिन्याला कमवत किती होता?

वरठीच्या पोलाद कारखान्यातल्या कायम कामगाराचं उत्तर पगारपत्रकात असतं. मोहाडी तालुक्यातल्या बहुतेकांचं मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. दोन एकर धान, रोवणी-कापणीची मजुरी, उन्हाळ्यात तेंदूपत्ता आणि मधल्या दिवसांत मिळेल ते काम, अशी मिळून त्यांची कमाई होते.

या कमाईवर पुढचं सगळं गणित उभं राहतं. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा खटल्यात वयानुसार गुणक ठरवून दिले आणि २०१७ मध्ये प्रणय सेठी खटल्यात, पुढे वाढू शकणाऱ्या उत्पन्नाची भर किती धरायची हे सांगितलं. समजा, चौतीस वर्षांचा मजूर गेला; मागे बायको, दोन लेकरं आणि आई. उत्पन्न महिना १२,००० रुपये धरलं, तर ४० टक्के भर घालून १६,८०० होतात. चार अवलंबित असल्याने त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा केला की १२,६०० उरतात. वर्षाचे १,५१,२०० आणि १६ चा गुणक, म्हणजे २४,१९,२०० रुपये. पुराव्याअभावी तेच उत्पन्न ६,००० धरलं, तर रक्कम १२,०९,६०० वर येते. माणूस तोच, घर तेच. पुरावा नाही म्हणून निम्मी भरपाई बुडते.

म्हणून मोहाडीच्या दाव्यात सातबारा, धान खरेदी केंद्राची पावती, रोजगार हमीचं हजेरीपत्रक, बचत गटाचं पासबुक, ट्रॅक्टरच्या हप्त्याच्या पावत्या अशा कागदांना मोल येतं. ज्याच्या शेतावर तो राबला, त्या शेतकऱ्याला साक्षीला उभं करावं लागतं. काहीच हाती नसेल, तर किमान वेतनाचा आधार घेता येतो. पण किमान वेतन ही कमाईची कमाल मर्यादा मानू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका मृत ट्रकचालकाच्या प्रकरणात स्पष्ट केलं. विमा कंपनीचा वकील किमान वेतनापाशी थांबायला सांगतो, तेव्हा हा निकाल पुढे ठेवायचा असतो.

बाईच्या बाबतीत अन्याय आणखी सहज होतो. दिवसभर बांधीत वाकून रोवणी करणाऱ्या आणि पहाटे-संध्याकाळी घर सांभाळणाऱ्या बाईच्या नावापुढे कागदोपत्री ‘घरकाम’ एवढंच लिहिलं जातं आणि तिची कमाई शून्याजवळ धरण्याचा प्रयत्न होतो. जानेवारी २०२१ च्या कीर्ती खटल्यात न्यायमूर्ती रमणा यांनी २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीचा दाखला दिला. घरातल्या बिनमोबदल्याच्या कामाला बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देते, पुरुष ९७. गृहिणीच्या श्रमाची रक्कम धरताना त्यावर भविष्यातल्या वाढीची भरही घालता येते, हे या निकालाने मान्य केलं. मोहाडीतल्या बाईचा दावा मांडताना घरातलं आणि शेतातलं अशी दोन्ही कामं वेगवेगळी मांडायला हवीत. एकात दुसरं मिसळलं की एक बुडतंच.

जखमींचा हिशेबही धंद्यावर ठरतो. डॉक्टरांच्या दाखल्यावरची अपंगत्वाची टक्केवारी शरीराची असते. कमाई किती बुडाली ते वेगळं मोजायचं, हे राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालाचं सांगणं. डावा हात गेलेला कारकून नोकरीत राहू शकतो, सुताराचा धंदाच संपतो. आंधळगावच्या विणकराच्या दोन बोटांची किंमतही तशीच त्याच्या मागावर ठरवायला हवी.

सगळ्यात बिकट दावे ट्रॉलीचे. रोवणीच्या टोळ्या आणि लग्नाचं वऱ्हाड अजूनही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जातं. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठी उतरवलेला असतो, त्यामुळे ट्रॉली उलटली की विमा कंपनी हात वर करते आणि कायदा बहुतेक वेळा तिच्या बाजूने असतो. मालक स्वतःच कर्जात असला, तर निकाल जिंकूनही जखमी मजुराच्या हाती काही पडत नाही. २००७ च्या ब्रिजमोहन खटल्यात, ट्रॉलीवरून पडलेल्या मजुराच्या बाबतीत, कंपनी जबाबदार नाही असं ठरवूनही सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या अनुच्छेद १४२ खाली तिला आधी पैसे द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगितलं. पण हा अधिकार त्या न्यायालयाचा विशेष अधिकार आहे. भंडाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढे त्यावर विसंबता येत नाही. ट्रॅक्टरमालकांनी मजुरांसाठी प्रवासी वाहन करणं, हाच आज खरा उपाय आहे.

रेल्वेच्या अपघाताचा हिशेब वेगळा. वरठीला भंडारा रोड हे रेल्वे स्थानक आहे. गाडीतून पडून मृत्यू झाल्यास दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जातो आणि तिथे कमाईचा प्रश्नच येत नाही. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूची रक्कम ८ लाख रुपये ठरलेली आहे. तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, हे २०१८ च्या रीना देवी निकालापासून पक्कं झालं आहे.

रस्त्यावरच्या अपघाताला मात्र १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, तरी दुःखाच्या भरात कोणीही त्या आव्हानाच्या भरवशावर थांबू नये. निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवून वकिलाने फी घेणं बार कौन्सिलच्या नियमांविरुद्ध आहे, हेही घरच्यांना सांगायला हवं. फी परवडत नसेल, तर विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती आणि जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मोहाडीत दावा घेऊन येणाऱ्या विधवांपैकी प्रत्येकीला हा हक्क आहे.