गळती

गाडी माझी सेकंडहँड. 2011 सालची. तिच्यावर मी कामाला जातो. दर सोमवारी मागं आई बसते, दवाखान्याला.

एक दिवस पुढच्या शॉकपवर तेलाचा ओघळ दिसला. पुसला. परत आला. नाक्यावरच्या मिस्त्रीनं ऑइल सील बदललं, पैसे घेतले. दीड महिन्यात पुन्हा तेच. ह्या खेपेला तेल उतरून डिस्कवर गेलं. उतारावर ब्रेक दाबला तर लागेचना. मागं आई. गाडी कशीबशी बांधाला घातली. लागलं कुणालाच नाही. पण आई घरापर्यंत बोलली नाही.

मिस्त्री म्हणाला, "सीलच खराब. माल तसलाच येतोय."

मग मीच खोलायला घेतलं. इंजिनखाली ओंडका दिला, चाक काढलं, कॅलिपर पाईपावर लोंबू नये म्हणून सुतळीनं बांधलं. वरचं टोपण काढायच्या आधी खालचा अ‍ॅलन बोल्ट सैल केला. स्प्रिंगचा दाब असतो तोवर तो नुसता गरगरत नाही. काळं तेल डब्यात ओतलं. लॉक काढून सील उचकटलं. त्याची कड एकाच जागी फाटलेली. तीन बाजूंनी धड.

का फाटली?

आणि मला आजा आठवला. आजा मोटा शिवायचा. रापी, आरी, वादी, एवढाच त्याचा संसार. मोट गळाली की शेतकरी वस्तीवर येऊन शिव्या द्यायचा, "कुजकं चामडं घातलंस." सुगीला बलुतं देताना हात आखडायचा. आजा काही न बोलता मोटेच्या तोंडाचं लोखंडी कडं चाचपायचा. गंज तिथं असायचा. गंजानं चामडं कापलेलं असायचं. कडं मालकाचं, बोल मात्र आमच्या चामड्याला.

हे सीलसुद्धा आमच्याच गोतातलं. रबराच्या आधी असली सील चामड्याची असायची. जर्मनीत फ्रॉयडेनबर्ग नावाच्या कातडी कमावणाऱ्या कारखान्यानं 1929 साली ती करायला घेतली. रबर मागनं आलं.

मी शॉकपच्या चकचकीत पाईपावर नख फिरवलं. वरून खाली. एका जागी अडकलं. मोहरीएवढा गंजाचा खड्डा, नेमका सील घासतं तिथं. गाडी हलली की तो खड्डा सीलची कड कुरतडणार. दहा सील घाला, दहाही फाटणार.

खड्डा खोल होता, घासून जाणारा नव्हता. पगार झाल्यावर नवा पाईप आणला. पाईपाच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी चढवली, कडेला तेल लावलं, मग सील सरकवलं. जुनं सील वर ठेवून हळूहळू ठोकलं. लॉक खाचेत बसल्यावर थांबलो. दुसऱ्या बाजूचंही बदललं. मापाच्या बाटलीनं दोन्हीकडं सारखं तेल घातलं, पुस्तकात लिहिलंय तेवढंच. डिस्क धुतली. तेल प्यालेले ब्रेक पॅड फेकून दिले.

वर्ष झालं. मिस्त्री परवा म्हणाला, "ह्या टायमाला सील चांगलं गावलं."

मी म्हटलं, "सील तेच. तुमच्याच दुकानातलं."

जुना पाईप त्याच्या हातात दिला. म्हटलं, "नख फिरवा."