गांव कशानें बनतें?

यंदा उन्हाळ्याच्या सुटींत घरांतील व शेजारचीं मिळून सात मुलें सायंकाळीं आमच्यापाशीं वाचावयास बसत. व्यंकटेश माडगूळकरांची, १९५५ सालीं प्रसिद्ध झालेली 'बनगरवाडी' ही कादंबरी वाचावयाचें ठरलें. माणदेशांतील धनगरांच्या एका वस्तींत तरुण मास्तर शाळा चालविण्यास जातो, इतकेंच आम्हीं सांगितलें आणि पुस्तक मिटलेलेंच ठेवून विचारलें, "गांव कशानें बनतें?"

"घरांनीं." "देवळानें." "ग्रामपंचायतीनें." उत्तरें आम्हीं फळ्यावर लिहून घेतलीं. मग पुसलें, "हें सर्व आहे, पण कोणी कोणास ओळखत नाहीं; तें गांव होय काय?" मुलें विचारांत पडलीं. तेव्हां प्रत्येकास एक कोरा कागद दिला. ज्यांच्यावांचून आपल्या घराचा दिवस अडेल, अशा बाहेरच्या माणसांचीं नांवें त्यावर लिहावयाचीं व प्रत्येकापुढें त्यांच्याविषयीं एक तरी गोष्ट लिहावयाची.

पाठ मुलांसाठीं योजिला होता. तो मिळाला आम्हांस. धाकटी पुतणी लिहितां लिहितां थांबली व म्हणाली, "काका, आपल्याकडे भांडीं घासावयास येतात, त्या मावशींचें आडनांव काय?" बावीस वर्षें त्या आमच्या घरीं येत आहेत, पण उत्तर आम्हांस येईना, घरांत कोणासच येईना. मुलगी उठली, थेट मोरीपाशीं गेली व विचारून आली. मावशी मूळच्या माण तालुक्यांतल्या. १९७२ च्या दुष्काळांत आईबाप त्यांना कडेवर घेऊन पुण्यास आले, ते परत गेलेच नाहींत. म्हणजे पुस्तकांतलाच तो मुलूख! आम्हीं मान खालीं घातली.

मग वाचन सुरू झालें. वाडीनें श्रमदानानें तालीम उभारली, तेव्हां मुलें हरखलीं. शेवटीं दुष्काळ पडतो आणि माणसें मेंढरें घेऊन जगावयास दूर निघून जातात. तेथें पुतणीनें उठून फळ्यावरील 'घरें' हा शब्द न बोलतां पुसून टाकला.

त्या सायंकाळीं मावशी दाराशीं उभ्यानें ऐकत होत्या. "आंत येऊन बसा ना," आम्ही म्हणालों. हें म्हणावयास आम्हांस बावीस वर्षें लागलीं.

वाचकांनीं आपल्या घरीं मुलांच्या हातीं कादंबरी देण्यापूर्वीं असा कोरा कागद अवश्य द्यावा. आणि एक स्वतःपुढेंही ठेवावा.