ढेळजेचा काय गुन्हा?

लातूरच्या आमच्या जुन्या घराचा नवा प्लॅन व्हॉट्सअ‍ॅपवर आला. समोर पार्किंग, मग थेट हॉल. आजीला फोनवर समजावून सांगितला. ती एवढंच म्हणाली, "आन् ढेळज?"

मराठवाड्याबाहेरच्यांसाठी सांगतो. मोठ्या दारातून आत आलं की दोन्ही बाजूंना बसायला उंच ओटे आणि वर छत, ती ढेळज. थेट घरात घ्यावा इतका जवळचा नाही आणि रस्त्यावर उभा ठेवावा इतका परकाही नाही, अशा माणसाची ती जागा. पोस्टमन, भाजीवाली, उसनं मागायला आलेला शेजारी. दार वाजवायची गरज नसायची. येऊन बसलं की झालं.

लातूर म्हटलं की लोक गंजगोलाईचा फोटो टाकतात. १९१७ साली आखलेला गोल बाजार, त्याला येऊन मिळणारे सोळा रस्ते. ड्रोनमधून भारी दिसतं. पण त्या रस्त्यांवरून गल्लीत वळलं की गाव आपल्याशी बोलायचं ते ओट्यांवरून.

बाबांना यातलं काही ऐकायचं नसतं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरलेली. किल्लारीला भूकंप झाला आणि हजारो माणसं झोपेतच गेली. विशीतले बाबा दुसऱ्या दिवशी ढिगारे उपसायला गेले होते. त्याबद्दल ते बोलत नाहीत. फक्त म्हणतात, "डोक्यावर माती नको."

त्यांचं बरोबरच आहे. आमच्याकडची माळवदं म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. गळायला लागलं की वर आणखी माती. खाली मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-तीन फुटी भिंती. आतला आणि बाहेरचा थर बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. हादरा बसला की दगड सुटायचे.

म्हणजे दोष भिंतीत होता, छताच्या वजनात होता. माणसानं दारात बसण्यात नव्हता. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर बग दोन ओळींत होता, आणि आपण अख्खी फाईल डिलीट केली. माळवदाबरोबर ढेळजही गेली. आता गल्लीत गेट आहेत, सीसीटीव्ही आहेत, 'आलोय, खाली ये' असे मेसेज आहेत. टेकायला जागा नाही.

मी प्लॅनवर गेटच्या आत, स्लॅबखाली एक ओटा काढून पाठवला. दीड फूट उंच, सहा फूट लांब. कॉलम-बीम आहेत तसेच. कॉन्ट्रॅक्टरचं उत्तर आलं : कार बसणार नाही.

रात्री बाबांचा फोन आला. भूकंपाबद्दल काही बोलले नाहीत.

"दोन फूट रुंद कर," म्हणाले. "आईला मांडी घालून बसता आलं पाहिजे."

कार आता बाहेर, लिंबाखाली उभी राहील.