बोटे गेली तीन, टक्के भरले तेवीस

दाखला म्हटला की आपल्या समाजातल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, वर जात पडताळणी. आजोबांच्या शाळेच्या नोंदीवर जात लिहिली आहे का, हे शोधत आपली पोरे गावोगाव हिंडली. ज्या आजोबांना शाळेची पायरीच चढू दिली नाही, त्यांची नोंद कुठून आणायची? ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच तो सिद्ध करायचा, ही या व्यवस्थेची जुनी रीत आहे. अपंगत्वाच्या दाखल्यात तीच रीत मी माझ्या घरात पाहिली, म्हणून हे लिहितो आहे.

आम्ही पावणे एमआयडीसीला लागून असलेल्या वस्तीत राहतो. बहात्तरच्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून जी माणसे ठाणे-बेलापूर पट्ट्यात पोट भरायला आली, त्यांत माझे वडील होते. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, इथल्याच एका कारखान्यात ठेकेदारामार्फत पॉवर प्रेसवर काम करायचा. एका रात्रपाळीला प्रेस खाली आली आणि डाव्या हाताची अंगठ्याशेजारची तीन बोटे मुळापासून गेली. मालकाने खाजगी दवाखान्यात टाके घालून घेतले, पंधरा दिवसांचा पगार हातावर ठेवला आणि विषय संपवला. ईएसआयमध्ये दादाचे नावच नव्हते.

दाखल्यासाठी ऑनलाइन अर्ज केला, तारीख मिळाली, सरकारी इस्पितळात गेलो. कागद अपुरे म्हणून परत. पुन्हा गेलो, तर त्या दिवशी बोर्डाचे डॉक्टर रजेवर. प्रत्येक खेप म्हणजे दादाचा, माझा मिळून दोन दिवसांचा रोज बुडाला. अखेर दाखला हाती पडला. त्यावर लिहिले होते, अपंगत्व कायमस्वरूपी, प्रमाण २३ टक्के. आई म्हणाली, "म्हणजे आता मिळेल ना काहीतरी?" काही मिळणार नव्हते. संजय गांधी निराधार योजना असो, एसटीचे सवलतीचे तिकीट असो की नोकरीतले ४ टक्के आरक्षण असो, सगळ्यांची दारे ४० टक्क्यांना उघडतात.

आमच्याच गल्लीतल्या एका मावशींचे दुखणे उलटे. त्यांच्या मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. त्याची टक्केवारी ४०च्या बरीच वर, पण दाखला तात्पुरता. मुदत संपली की सवलती थांबतात आणि पोराला कडेवर घेऊन मावशी पुन्हा रांगेत. मूल लहान असताना पुढे तपासणी करणे समजू शकते. पण पोरगा बारा वर्षांचा झाला तरी त्याचा आजार 'बरा होतो का' हे पाहायचे? नियम सांगतो की ज्या अपंगत्वात पुढे फरक पडण्याची शक्यता नाही, तिथे दाखला कायमचाच द्यायचा. दादाचे अपंगत्व कायम आहे पण पुरेसे नाही. मावशींच्या मुलाचे पुरेसे आहे पण कायम नाही. दोघांच्याही हाती शून्य.

आता टक्क्यांचे गणित पाहू. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात एका हाताची तीन बोटे गेली तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली असे धरत. अंगठा गेला तर ३०, चार बोटे गेली तर ५०. म्हणजे दादाचा तोच हात कामगार कायद्यात ३० टक्के गेलेला आणि इस्पितळाच्या बोर्डापुढे २३ टक्के गेलेला. आणि प्रत्यक्षात? प्रेसवर त्याला आता कोणी उभे करत नाही. बोर्ड हाडे आणि सांधे मोजते. पदवीधर कारकुनाची तीन बोटे आणि हातावर पोट असलेल्या कामगाराची तीन बोटे त्याच्या लेखी सारखीच. आपल्या माणसाचे भांडवल हेच हात आहेत, हे त्या तक्त्यात कुठेच येत नाही.

हा प्रश्न जातीचा कसा, असे कोणी विचारेल. २०११ च्या जनगणनेत देशात अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के होते, अनुसूचित जातींमध्ये २.४५ टक्के. धोक्याचे काम, कुपोषण आणि उशिरा मिळणारे उपचार कोणाच्या वाट्याला येतात, हे वेगळे सांगायला नको.

सरकार म्हणते, खोटे दाखले काढणारे फार झालेत, म्हणून कडक व्हावे लागते. २०२४ मध्ये पूजा खेडकर प्रकरण गाजले, लोकसेवा आयोगाने त्यांची उमेदवारी रद्द केली, अपंगत्वाच्या दाखल्यांवर देशभर चर्चा झाली. त्यांच्यावरच्या आरोपांचे काय ते न्यायालय ठरवेल. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नियम बदलले आणि दाखला देण्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिने झाली. वशिला असलेल्याला तीन महिने थांबावे लागत नाही. थांबतो तो रोजंदारीवाला. खोटे दाखले जरूर पकडा, पण ते देणाऱ्या डॉक्टरांना आणि दलालांना पकडा.

आणि नाव काय दिले, तर दिव्यांग. आपल्याला हे ओळखीचे आहे. आपल्यालाही एकदा 'हरिजन' हे देवाचे नाव दिले होते. १९३८ साली मुंबई विधिमंडळात त्या नावाला विरोध करून बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभागृहाबाहेर पडले होते. देवाच्या नावाने पोट भरत नाही आणि माणसाचा हक्कही मिळत नाही.

हक्काची भाषा बाबासाहेबांची. ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असतानाच, १९४४ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्यावरचा अडारकर अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा ईएसआय कायदा उभा राहिला. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात बेकारी, म्हातारपण, आजार आणि अपंगत्व यांत सरकारी साहाय्याचा हक्क नोंदला आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातही अपंग व्यक्तीची व्याख्या ४० टक्क्यांची नाही. ती अट लक्षणीय अपंगत्वाच्या सवलतींसाठी आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक दाखवला आणि ४० टक्क्यांखालच्या उमेदवारालाही लेखनिक मिळाला पाहिजे असे सांगितले.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. गेलेला अवयव आणि जन्मजात, न बदलणारे अपंगत्व यांना पहिल्याच तपासणीत कायमचा दाखला द्या. टक्के ठरवताना माणूस काय काम करून जगत होता, ते विचारा. स्थानिक संस्थांनी अपंगांवर खर्च करायचा ५ टक्के निधी आहे, त्यातून एमआयडीसीतल्या वस्त्यांत बोर्डाची शिबिरे भरवा. आणि कंत्राटी कामगाराचा हात गेला तर कायद्याने मूळ मालकही जबाबदार आहे, हे प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर मराठीत आणि हिंदीत लावा. दावा दोन वर्षांत करावा लागतो, हेही त्याच पाटीवर लिहा.

ज्यांच्या वस्तीत असे कोणी असेल त्यांनी दाखल्याची प्रत, अपघाताचे कागद आणि सोबत काम करणाऱ्यांची नावे आजच गोळा करून ठेवावीत. एकट्याने रांगेत उभे राहू नका, दहा जणांनी मिळून जा.

जय भीम.