एका हार्ड डिस्कची पाठचिकित्सा

सरांच्या निधनानंतर काकूंनी त्यांच्या टेबलाच्या खणातली एक हार्ड डिस्क आमच्या हाती ठेवली. "तुमच्या ओव्या यात आहेत, असं ते म्हणायचे," एवढेच त्या बोलल्या. एम. ए.ला असताना, २००४ च्या उन्हाळ्यात, आम्ही दोघांनी सरांच्या सांगण्यावरून गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या टिपून घेतल्या होत्या. वह्या पुढे बिऱ्हाडे बदलताना गहाळ झाल्या. टंकित प्रत सरांच्या संगणकात होती आणि तो संगणक केव्हाच भंगारात गेला होता. उरली होती ती ही डिस्क.

विभागातल्या आजच्या संगणकांना तिची रुंद, चाळीस पिनांची जोडणी ठाऊक नाही. म्हणून यूएसबी अॅडॅप्टर आणून जोडला, डिस्क मुकीच. साध्या यूएसबी जोडणीतून ५ व्होल्टचाच पुरवठा मिळतो. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कचे त्यावर भागू शकते. साडेतीन इंची डिस्कची मोटर फिरायला मात्र १२ व्होल्ट लागतात. अॅडॅप्टरसोबतचा विजेचा ठोकळा आम्ही खोक्यातच ठेवला होता! तो लावताच डिस्क गुणगुणू लागली, तरी पडद्यावर तिची नोंद उमटेना. पाहतो तो मागचा इवलासा जंपर 'स्लेव्ह'च्या जागी. जुन्या संगणकात ती दुय्यम डिस्क असणार. अशा अॅडॅप्टरना बहुधा 'मास्टर' लागते. डिस्कच्याच लेबलावरील आकृती पाहून जंपर चिमट्याने हलवला.

आता डिस्क दिसली, आणि विंडोजने विचारले, ही फॉरमॅट करायची का? पोथी वाचता येत नाही, तेव्हा पाने कोरी करून द्यावीत का, असे विचारण्यासारखेच हे. आम्ही नकार दिला. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असे ठरवले. आधी केबल, मग पोर्ट, शेवटी ठोकळा. दोष ठोकळ्यातच निघाला. भार येताच त्याचा पुरवठा ढासळत होता. एका विद्यार्थ्याने तसाच दुसरा आणून दिला आणि जोडणी स्थिरावली.

तरीही मूळ डिस्कवर काम करायचे नाही, हे सरांच्याच तासांनी शिकवले होते. मूळ पोथीवर खूण करायची नसते. लिनक्सवरील डीडीरेस्क्यू नावाच्या आज्ञावलीने आम्ही तिची संपूर्ण प्रतिमा काढायला घेतली. ही आज्ञावली सुवाच्य भाग आधी उतरवून घेते आणि अडलेल्या जागांकडे नंतर पुन:पुन्हा परतते. जीर्ण हस्तलिखित वाचणारा याहून वेगळे काय करतो? ४० जीबीच्या त्या डिस्कला रात्र लागली. काही जागा अखेरपर्यंत वाचल्या गेल्या नाहीत.

सकाळी फाइली उघडल्या, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. मजकूर युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमध्ये होता. तो फॉन्ट मिळवून बसवला, आणि कचऱ्यातून जाते, माहेर, भाऊराया अशी एकेक अक्षरे उभी राहिली.

असो. तांत्रिक यशाची ही कथा इथे संपली असती, तर बरे झाले असते. गाणाऱ्या बायांची नावे आणि गावे आम्ही वेगळ्या फाइलीत ठेवली होती. संहिता महत्त्वाची, नावे परिशिष्टात, असा तेव्हाचा आमचा शहाणपणा. त्या फाइलीचा उत्तरार्ध नेमका न वाचलेल्या जागांत गेला. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत (१९१९ ते १९६६) संशयित पाठाखाली नागमोडी रेघ असते. तशी रेघ ओढायलाही आमच्याकडे तिथे अक्षर नाही. ओव्या आहेत, त्या कोणी म्हटल्या, ते बऱ्याच ठिकाणी सांगता येत नाही. यात डिस्कचा दोष थोडा, आमचा अधिक.

काकूंना छापील प्रत नेऊन दिली. त्यांनी पाने उलटली आणि विचारले, "नावं कुठं आहेत यांची?" दिवाळीच्या सुटीत आम्ही पुन्हा त्या गावांना जाणार आहोत. त्या बाया तेव्हाच साठीच्या पुढच्या होत्या. निदान त्यांच्या लेकीसुना ओव्या ओळखतील, एवढ्या आशेवर निघायचे. या वेळी नाव ओवीच्या शेजारीच लिहू, आणि प्रती तीन ठेवू.